बघत नाही, चालवतो!

माणूस घरात असतो तेव्हा किस्से होत नाहीत, नुसती कटकट होते. माणूस गेला की त्याच कटकटीचे किस्से होतात आणि ते असे साठतात की कपाट उघडावं आणि गाद्या अंगावर पडाव्यात! आमचे हे जाऊन वर्ष होत आलं. रोज एक तरी किस्सा अंगावर पडतोच. भाजी चिरताना पडतो, देवाला फूल वाहताना पडतो. मग मी एकटीच हसते, नाहीतर एकटीच दातओठ खाते. दात फारसे उरले नाहीत, म्हणून ओठच जास्त.

तर आमच्या बडोद्याच्या मंडळाची स्मरणिका निघतेय. तिच्यात गेलेल्या मंडळींचे फोटो छापणार, फोटोखाली एकेक ओळ. सेक्रेटरी घरी आले. चहा घेतला, चिवडा घेतला आणि म्हणाले, "काकी, काकांच्या चार गोड आठवणी लिहून द्या ना. फोटोखाली आपण 'वाहतूक क्षेत्रातील ज्येष्ठ व्यक्तिमत्त्व' असं टाकू. श्रीधररावांनीच सुचवलंय."

श्रीधरराव म्हणजे माझे धाकटे दीर. कॉलेजात शिकवून रिटायर झाले, आता मंडळाचे अध्यक्ष आहेत.

मी म्हटलं, "क्षेत्र? काशी-गया असतं तसलं?"

"नाही हो काकी. म्हणजे जरा... बरं दिसतं."

"माझा नवरा ट्रक ड्रायव्हर होता. ड्रायव्हर लिहा."

सेक्रेटरींनी चिवड्याची बशी खाली ठेवली. "बघतो," म्हणाले.

बघा तर बघा. मी लिहून देतेय. फोटोखाली 'ड्रायव्हर' येणार असेल तर छापा, नाहीतर फोटो परत पाठवा. माझ्याकडे भिंत आहे. गोड मात्र मागू नका, घरात साखर बंद आहे.

* * *

सुरुवात लग्नापासून करते, कारण या शब्दाची लपवाछपवी तिथपासूनची आहे.

माझे सासरे राजांच्या वेळी खात्यात हेडक्लार्क. संस्थान गेलं, खातं गेलं, पण डोक्यावरची पगडी काही खाली उतरेना! त्या घरातला थोरला मुलगा ट्रकवर गेला म्हणजे काय झालं असेल विचार करा. मंडळी मला बघायला नवापूरला आली. आमच्या आप्पांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

सासूबाई म्हणाल्या, "दिगंबर आमचा ट्रान्सपोर्ट बघतो."

"म्हणजे ऑफिसात?"

"हो... म्हणजे सगळंच बघतो."

हे खाली मान घालून शिरा खात होते. चमचा ठेवला आणि म्हणाले, "आई, बघत नाही मी. चालवतो."

माझ्या मामाने डोळे मोठे केले. "काय चालवता?"

"ट्रक."

"स्वतःचा?"

"शेटचा."

सासूबाईंचा चेहरा असा झाला की शिऱ्यात खडा लागला असावा! आप्पा आत आले. मी दाराआड उभी. मला हळूच म्हणाले, "मालू, पोरगा बरा वाटतोय गं. पण ड्रायव्हर..."

मी म्हटलं, "आप्पा, चार माणसांत आईसमोर खरं बोलणारा पुरुष आपल्या खानदानात एक दाखवा. नसेल तर हाच द्या."

* * *

मला चौथीतून काढलं होतं. भाऊ शिकणार होता, म्हणून. (तो शिकला नाही, ते सोडा!) लग्न झालं तेव्हा मला जोडाक्षर आलं की घाम फुटायचा.

हे प्रत्येक खेपेहून येताना तिथला पेपर घेऊन यायचे. सोलापूरचा, नागपूरचा, कोल्हापूरचा. कधी त्यात डबा गुंडाळलेला, कधी काच पुसलेली. तेलाचे डाग, अर्धं पान फाटलेलं. दारातूनच ओरडायचे, "मालू, तुझी शाळा आली गं!"

मी सगळं वाचायचे. अग्रलेख, बाजारभाव, हरवले-सापडले. अर्थ लागला नाही तर दोनदा वाचायचे, राग आला तर तीनदा.

एकदा आमच्या सासरी, दांडिया बाजारच्या घरी श्रीधरभावजींचे मित्र बसले होते. राजकारणावर बोलणं चाललेलं. मी चहा ठेवता ठेवता माझं मत दिलं. भावजी हसून म्हणाले, "वहिनींचं मनावर घेऊ नका. दादा जुने पेपर आणतो, त्या महिन्याभराने वाचतात. वहिनी, ही बातमी शिळी झाली हो!"

मी म्हटलं, "बातमी शिळी असेल भावजी. मत माझं आहे, ताजं आहे. तुमचं कुठल्या पेपरातलं?"

त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा मित्रमंडळींना कडू लागायला लागला.

* * *

आमच्या घरी फोन नव्हता. शेजारी पटेलांकडे होता. हे लाईनीवर, म्हणजे गाडी घेऊन बाहेरगावी असले की रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन करायचे. बोलणं काय? पाठीमागे दहा गाड्यांचे हॉर्न आणि त्यात हे बेंबीच्या देठापासून ओरडणार, "आज भाजी काय केलीस?"

मी सांगायचे. मग ढाब्यावर जाऊन हे तीच भाजी मागायचे. मी मेथी म्हटलं की मेथी, वांगं म्हटलं की वांगं. का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "पोटाला बरं पडतं." पटेलांच्या घरात मात्र सगळ्यांना ठाऊक. फोन वाजला की पटेलबेन ओरडायच्या, "मालतीबेन, भाजीवाळा आव्या!"

एकदा गणपतीत घरी राहीन म्हणून शब्द दिला आणि आदल्या दिवशी गाडी भरून राजस्थानकडे गेले. माझं डोकं असं फिरलेलं! पाहुणे, मोदक, दोन लहान पोरं, सगळं मी एकटी. आणि तिकडून फोन, "भाजी काय केलीस?"

घरात होता बटाटा. मी म्हटलं, "पडवळ!" आणि फोन ठेवून दिला. आता शोध म्हटलं वाळवंटात पडवळ!

हे परत आले ते आधी देवाच्या पाया पडले, मग लांबूनच माझ्या. म्हणाले, "मिळालं."

"काय मिळालं?"

"पडवळ. अजमेरला बाजारात एकाकडे होतं. दक्षिणेकडच्या लोकांसाठी ठेवतो म्हणाला. हातभर लांब. ते घेऊन ढाब्यावर गेलो आणि आचाऱ्यासमोर ठेवलं."

"मग?"

"तो खुर्चीवर चढला. म्हणाला, 'ड्राइवरसाब, पैर पकड़ता हूँ, यह साँप मैं नहीं काटूँगा!'"

मी हसले नाही. रागावलेली होते ना! मागच्या दारी जाऊन हसले.

* * *

नितीनच्या, म्हणजे आमच्या थोरल्याच्या बारशाला सगळे नातेवाईक जमलेले. बाळ पाळण्यात, बाळाचा बाप लाईनीवर. माझ्या थोरल्या नणंदबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "काय करणार, धंदाच तसला. पोराचं तोंड बघायला सुद्धा रजा नाही." आत्याबाई म्हणून नाव ठेवायचा मान त्यांचाच. त्यामुळे सगळ्यात पुढे खुर्ची टाकून बसलेल्या, नवी पैठणी नेसून.

एवढ्यात दारात घरघर झाली. हे आले! पण आले ते टँकर घेऊन. लांबलचक टँकर, मागे कवटीचं चित्र आणि तांबड्या अक्षरांत 'ज्वलनशील'. उभा केला तो बरोबर दिंडीदरवाज्यासमोर.

ओट्यावर श्रीधरभावजी सिगारेट ओढत होते. त्यांनी पाटी वाचली. सिगारेट एवढ्या लांब फेकली की समोरच्यांच्या तुळशीत पडली! आत येऊन म्हणाले, "दादाने केमिकलचा टँकर आणून लावलाय."

मग काय मजा! एकीचं दूध उतू जात होतं. एकीच्या घरी गॅस चालू राहिला होता. एका काकांना अचानक आठवलं की त्यांना ब्लडप्रेशर आहे. भावजी मागच्या दाराने गेले. नणंदबाई तर चपला न घालता गेल्या, पैठणी दोन्ही हातांनी वर धरून!

उरलो आम्ही चौघी. मी, माझी आई, शेजारच्या एक आजी आणि भांडी घासणारी शांता. आई म्हणाली, "पाळणा हलवा गं. बाकीचं देव बघेल."

हे शांतपणे हात-पाय धुऊन आले आणि बाळाला उचललं. मी म्हटलं, "अहो, तो टँकर!"

"कालच खाली केलाय. धुऊन आणलाय आतून. म्हटलं बघू, पोराच्या नावाला कोण कोण थांबतं."

नितीनच्या कानात कुर्र शांताने केलं. नणंदबाई चपला न्यायला आल्या तेव्हा नाव ठेवून झालं होतं आणि शांता त्यांच्याच खुर्चीत बसून पेढा खात होती.

* * *

पुढे आम्ही शहराबाहेर छाणीला राहायला गेलो. तिथे गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायला मोकळी जागा होती आणि कुणाच्या पगडीला धक्का लागत नव्हता. गाडी मागे घेताना हे मला मागे उभी करायचे, 'आवा दे' म्हणजे येऊ दे, असं ओरडायला.

खेपेहून आले की यांना दुपारी झोप लागायची नाही. लाईनीवर झोपायची सवय, आजूबाजूला इंजिनं चालू. घरात सगळं शांत, मऊ गादी, आणि हे टक्क उघड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत पडलेले. एकदा मी घरघंटी लावली गहू दळायला. तिची घरघर सुरू झाली आणि हे घोरायला लागले! दळण संपलं, घंटी बंद केली, हे उठून बसले. "काय झालं? गाडी का थांबली?"

मग मी रोज दुपारी घरघंटी लावायचे. गहू संपले की बाजरी, बाजरी संपली की तांदूळ. पिठाचे डबे भरले. शेजारणींना पीठ वाटलं. शेवटी कोपऱ्यावरच्या एक नव्या सूनबाई तोंड वाकडं करून आल्या. "काकी, एवढा आवाज! रोज रोज काय दळता हो?"

मी म्हटलं, "पीठ नाही गं. नवरा झोपवते. तुझा झोपत नसेल तर ने घंटी दोन दिवस!"

* * *

गाडी सोडल्यानंतरची गोष्ट. गुडघे गेले, डोळ्यांत मोती आला, मग सोडावीच लागली. सकाळी आम्ही दोघं खंडेराव मार्केटला भाजीला जायचो. हे गर्दीत सुद्धा डाव्या बाजूने चालायचे आणि वळायच्या आधी हात बाहेर काढायचे. लोकांच्या पोटात लागायचा!

एक दिवस मार्केटच्या दारातच कुणीतरी मोठी पांढरी गाडी आडवी लावलेली. हातगाड्या अडकल्या. गाडीचा मालक, चाळिशीचा असेल, फळवाल्याकडे उभा राहून आंबे दाबत होता. लोक ओरडायला लागले तसा मागे न बघताच ओरडला, "ए ड्रायवर! गाडी हटाव!"

त्याचा ड्रायव्हर बिचारा पान खायला गेलेला असेल. माझं टाळकंच सरकलं. हाक मारायची ती रीत आहे का? त्या माणसाला नाव नाही? आईबापांनी ठेवलंच असेल ना काहीतरी! मी पिशवी खाली ठेवून पदर खोचत होते तोवर हे गेले सुद्धा. चावी आत लटकलेली. बसले, काच खाली केली आणि गाडी अशी काढली की हातगाडीवरची कोथिंबीर हलली नाही. पुढे चौकाच्या पलीकडे, झाडाखाली सावलीत नेऊन लावली.

मालक आंबा हातात घेऊन धावत आला. "ओ काका! ओ! तमे कोण? कोने पूछीने मारी गाडी लीधी?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "ड्रायवर. तमेज तो बोलाव्यो!"

* * *

आता जरा नितीनबद्दल. पोटचा आहे, पण किस्सा किस्सा आहे.

नितीन मोठ्या कंपनीत आहे, सयाजीगंजला ऑफिस. त्याने फ्लॅट घेतला, वास्तुशांत केली. ऑफिसची माणसं आली. आदल्या दिवशी मला म्हणाला, "आई, उगीच ट्रकचा विषय काढू नकोस हां. मी सगळ्यांना सांगितलंय बाबा ट्रान्सपोर्टमध्ये होते."

मी काही बोलले नाही. मी गप्प बसले की घरात सगळ्यांना भीती वाटते. त्याला का वाटली नाही कुणास ठाऊक!

जेवणं चालू होती. नितीनचा साहेब यांच्या शेजारी बसलेला. म्हणाला, "अंकल, नितीन कहता है आप ट्रान्सपोर्ट में थे. कितनी गाड़ियाँ थीं आपकी?"

नितीन श्रीखंड वाढत होता. त्याचा डाव हवेतच थांबला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे हसले.

"बहुत थीं, बेटा. गिनी नहीं कभी."

साहेब केवढा खूश! "वाह, अंकल!" म्हणाला. नितीनचा डाव खाली आला आणि बापाच्या ताटात दुप्पट श्रीखंड पडलं.

रिक्षात बसल्याबरोबर मी सुरू झाले. "खोटं का बोललात?"

"खोटं कुठे? कितीतरी गाड्या चालवल्या."

"शब्दांत अडकवू नका. नवापूरला आईसमोर बोलला होतात, बघत नाही, चालवतो! तेव्हा जीभ होती, आज काय झालं?"

हे बाहेर बघत होते. म्हणाले, "आईचा राग सोसला गं. पोराची मान खाली गेलेली नाही सोसत."

मी म्हटलं, "तुम्हाला सोसत नाही, मला सोसतं!"

घरी आले, नितीनला फोन लावला. काय बोलले ते मंडळाच्या स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. नितीनला पाठ आहे, हवं तर त्याला विचारा.

* * *

हे गेले आणि बेसणं ठेवलं ते मंडळाच्याच हॉलमध्ये. आपल्याकडे शोकसभा म्हणतात, पण बडोद्यात आता आपण मराठी लोक सुद्धा बेसणंच म्हणतो. पांढरे कपडे, पांढऱ्या गाद्या, फोटोला हार.

यांच्या लाईनीवरचे ड्रायव्हर लांबलांबून आलेले. हालोलहून, भरूचहून, एक तर थेट इंदूरहून. धुतलेले शर्ट घालून, केस चापून बसवून. त्यांना बसवलं कुठे? शेवटी, चपलांच्या शेजारी! मी बायकांच्या बाजूने बघत होते, अंगाचा नुसता भडका उडालेला.

श्रीधरभावजी माईकपाशी गेले. चष्मा लावला. "कैलासवासी दिगंबरपंत हे वाहतूक क्षेत्रातील एक निरलस व्यक्तिमत्त्व होते. दळणवळणाच्या माध्यमातून त्यांनी..." असं सुरू झालं ते थांबेना. दळणवळण! माझ्या नवऱ्याने आयुष्यभर सोसलं ते ताडपत्री, दोरखंड आणि चेकनाका. आणि भावाच्या तोंडी दळणवळण!

मागच्या रांगेत जेठाभाई होते. यांचे सगळ्यात जुने जोडीदार. दोघांनी कित्येक वर्षं एकामागे एक गाड्या चालवल्या. मराठी त्यांना समजतं, पण असलं नाही. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग अस्वस्थ झाले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. शेवटी उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवत बायकांच्या बाजूला माझ्यापर्यंत आले आणि त्यांना वाटलं ते हळू बोलतायत, पण आयुष्य इंजिनाच्या आवाजात गेलेलं, सगळ्या हॉलने ऐकलं.

"भाभी, आ कोनी वात करे छे? आपणे खोटा बेसणामां तो नथी आवी गया ने?"

आपण चुकीच्या माणसाच्या बेसण्याला तर नाही ना आलो!

* * *

आणि हा त्याच्या आधीचा, नेण्याच्या दिवसाचा. हा कापलात तर फोटो, लेख, सगळं परत करा.

छाणीतली आमची गल्ली अरुंद. पुढे बंद. एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, आणि मधोमध वळण. यांना न्यायला शववाहिनी आली ती सरळ तोंडाने आत शिरली. कोवळा ड्रायव्हर, मिशा सुद्धा नीट आलेल्या नाहीत. यांना आत ठेवलं. आता गाडी बाहेर काढायची तर सगळी उलटी, मागे मागे घेत मोठ्या रस्त्यापर्यंत.

पोराने मागे घेतली, खांबाजवळ अडकला. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, चाक गटारीच्या काठावर. नातेवाईक सगळे ओरडतायत. एक म्हणतो डावीकडे, एक म्हणतो उजवीकडे, एक म्हणतो सरळ घे. सरळ कुठे घे, भिंतीत? पोराला घाम फुटलेला.

मला आत कोपऱ्यात बसवलेलं. बायकांनी धरून ठेवलेलं. मी खिडकीतून विचारलं, "जेठाभाई कुठेत? बाकीचे सगळे ड्रायव्हर आले होते ना?"

मग नितीन म्हणाला, "ते मेन रोडला आहेत, आई."

"मेन रोडला का?"

"काकांनी सांगितलं. गल्लीत ट्रकवाल्यांची गर्दी बरी दिसत नाही म्हणून."

बरी दिसत नाही!

मी उठले. बायका म्हणाल्या, "अहो, बसा, बाहेर जाऊ नका." मी बायकांना बाजूला केलं. पदर कमरेला खोचला आणि गल्लीत उतरले. शववाहिनीच्या मागे जाऊन उभी राहिले, पोराला आरशात दिसेन अशी. पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारली.

"एय! बधानुं सांभळतो नहीं. मारुं एकलीनुं सांभळ!"

सगळ्यांचं नको, माझं एकटीचं ऐक म्हटलं. श्रीधरभावजी पुढे आले. "वहिनी, हे काय? आत जा. शोभतं का हे, आजच्या दिवशी?"

मी काही म्हणायच्या आत नितीन म्हणाला, "काका, बाजूला व्हा. आईला चाक दिसत नाहीये."

भावजी बाजूला झाले. आयुष्यात पहिल्यांदा!

मी हात वर केला. "आवा दे... आवा दे... आवा दे... डाबी वाळ. हजी. बस, सीधी कर. आवा दे... धीरे, धीरे, खांब छे... आवा दे..." एक पाऊल मी मागे, एक हात गाडी मागे. गटार सुटली. खांब सुटला. वळण आलं, मी हाताने स्टिअरिंग फिरवल्यासारखं करून दाखवलं, पोराने तसंच फिरवलं. भिंतीपासून बोटभर जागा ठेवून गाडी वळणातून निघाली. अशी मागे मागे चालत मी यांना रस्त्यापर्यंत आणलं. तिथे सगळे ड्रायव्हर ओळीने उभे होते, टोप्या काढून.

"बस! ऊभी राख!"

गाडी थांबली. पोराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. घामाने चिंब भिजलेला. माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी आभाळातून पडलेय.

"माजी," म्हणाला, "तमने आ कोणे शिखवाड्युं?"

आत हे झोपलेले, त्या पत्र्यावर मी हात ठेवला.

"पाछळ सूता छे ने, एमने पूछ!"